वाट चुकलेल्या पाखराची साक्ष

पक्ष्याला मुलूख असतो, पण सरहद्द नसते. सरहद्दी आखतो तो माणूस. पक्षिशास्त्राचे कोणतेही पुस्तक उघडा, प्रत्येक पक्ष्याच्या नावाखाली त्याचा मुलूख दिलेला आढळेल: अमुक नदीपासून तमुक पर्वतापर्यंत, उन्हाळ्यात येथे, हिवाळ्यात तेथे. पुस्तकातली ही मांडणी मोठी नेटकी असते आणि बहुधा खरीही असते. पण पक्षी पुस्तक वाचत नाही. म्हणून अधूनमधून असे घडते, की जो पक्षी जिथे असण्याचे काहीच कारण नाही तिथे तो एखाद्या सकाळी झाडावर बसलेला कोणाला तरी दिसतो. तो चार घटका दिसतो, उडून जातो आणि मागे एक प्रश्न ठेवून जातो: हे खरे कशावरून?

एकट्याने पाहिलेली गोष्ट आठवणीत जमा होते. इतिहासात जमा होण्यासाठी तिला साक्ष लागते. वाट चुकलेल्या पाखराची ही साक्ष गेल्या दीडशे वर्षांत कशी बदलत गेली, आधी बंदुकीने आणि मग कॅमेऱ्याने ती कशी दिली, आणि मध्यंतरी ती खोटी कशी ठरली, याची कथा मोठी उद्बोधक आहे. तिचा एक धागा थेट आपल्या खानदेशात येऊन पोहोचतो.

एकोणिसाव्या शतकात पुरावा म्हणजे मेलेला पक्षी. दुर्बिणी बेताच्या होत्या आणि दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची रीत नव्हती. पक्षी पाहिला म्हणता, मग तो दाखवा, असा रोकडा व्यवहार होता. दाखवायचा तर पाडला पाहिजे, सोलला पाहिजे, कापूस भरून, शिवून, पेटीत ठेवला पाहिजे. आपल्या देशात या कामाचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे काँग्रेसच्या स्थापनेमुळे ज्याचे नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक झाले तोच हा. सिमल्याला त्याच्या घरी कातड्यांचा अफाट संग्रह होता आणि देशभर विखुरलेले इंग्रज अंमलदार त्यात भर घालीत असत. हा सारा संग्रह १८८५ साली त्याने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

अशा प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर ठिकाण, तारीख आणि पक्षी मारणाऱ्याचे नाव एवढेच लिहिलेले असते. वाचकाने या चिठ्ठीकडे नीट लक्ष द्यावे, कारण आपल्या सगळ्या कथेची गोम तिच्यात आहे. कातडे सांगते, की हा अमुक जातीचा पक्षी आहे. तो कोठे मिळाला हे कातडे सांगत नाही, ते चिठ्ठी सांगते. आणि चिठ्ठी लिहितो तो माणूस.

इंग्लंडात या चिठ्ठीला बाजारभाव होता. दक्षिण युरोपातला एखादा पक्षी त्याच्या घरी मारला तर त्याची किंमत कवडीची. तोच ससेक्सच्या किनाऱ्यावर मारला तर श्रीमंत संग्राहक त्याला हवे तितके मोल द्यायला तयार. पक्षी तोच, पिसे तीच, भाव ठिकाणाला. जिथे केवळ ठिकाणाच्या नावाने माल महागतो, तिथे पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. १८९२ ते १९३० या काळात हेस्टिंग्ज गावाच्या आसपास दुर्मिळ पाहुण्यांची जणू रीघ लागली. त्यांतले पुष्कळसे पक्षी जॉर्ज ब्रिस्टो नावाच्या पेंढा भरणाऱ्या कारागिराच्या दुकानातून बाहेर पडत होते. कुजबूज त्या वेळीही होती. पण हिशेब मांडला गेला तो १९६२ साली. त्या वर्षी ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकात मॅक्स निकल्सन आणि फर्ग्युसन-लीझ यांनी या नोंदींची झडती घेतली आणि जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने आकडे तपासले. एवढ्याशा टापूत एवढे दुर्मिळ पक्षी, तेही नेमके त्याच वर्षांत यावेत, हे आकड्यांना पटेना. परिणामी ब्रिटनच्या यादीतून २९ जाती व उपजाती खोडल्या गेल्या. परदेशात मारलेले पक्षी बर्फात घालून बोटीने आणले जात असावेत, असा तर्क लढवला गेला. ब्रिस्टो तोवर वारला होता. जिवंत असताना त्याने आरोप कधी मान्य केला नव्हता.

खरी मौज पुढेच आहे. खोडलेल्या जातींपैकी बहुतेक पुढे ब्रिटनमध्ये खरोखरच दिसल्या, चांगल्या पुराव्यानिशी, आणि यादीत परत बसल्या. म्हणजे ज्या गोष्टीची खोटी साक्ष दिली ती गोष्ट अशक्य नव्हती. मग त्या साक्षीने नुकसान काय झाले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या घराजवळ आहे.

१८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट याने आजच्या छत्तीसगडच्या मुलखात एक छोटे घुबड मारले. पुढच्या वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्लेविटचेच नाव त्या जातीला दिले. आपण त्याला रानपिंगळा म्हणतो. गावातल्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणारा, सांजवेळी चिरचिर करणारा साधा पिंगळा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. मान आखूड, चोच आणि पंजे थोराड, पंखांवर नि शेपटीवर ठसठशीत पट्टे. आणि घुबड असूनही दिवसाढवळ्या शिकार करण्याची सवय. ब्लेविटनंतर जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या सनदी अंमलदाराने सातपुड्याच्या पायथ्याला याचे काही नमुने मिळवले. १८८४ पर्यंत सगळी मिळून सात कातडी जमली. त्यानंतर सारे चिडीचूप झाले.

अपवाद एकच होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याची चिठ्ठी म्हणत होती, की हा १९१४ साली तापीकाठच्या मांडवीला, म्हणजे गुजरातेत, मिळाला. या गृहस्थाचा दबदबा फार मोठा. युद्धातल्या त्याच्या हेरगिरीच्या गोष्टी सांगितल्या जात. त्याने ग्रंथ लिहिले. १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेत आपले सलीम अली त्याच्याबरोबर हिंडले होते. १९५४ साली सुमारे वीस हजार कातड्यांचा आपला संग्रह त्याने लंडनच्या संग्रहालयाला दिला. एवढ्या थोर माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? रानपिंगळा शेवटचा १९१४ साली दिसला, तोही गुजरातेत, हे पुस्तकांतून पक्के होऊन बसले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांनाही त्याचा माग लागला नाही. लोक म्हणू लागले, संपला असेल.

नव्वदीच्या दशकात या संग्रहाचे बिंग फुटू लागले. १९९३ साली ॲलन नॉक्स याने त्यातल्या काही कातड्यांवरच्या चिठ्ठ्या खोट्या असल्याचे दाखवून दिले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने भारतीय पक्ष्यांची कातडी एकेक करून तपासायला घेतली. प्रत्येक कारागिराची शिवण वेगळी, कापूस भरण्याची तऱ्हा वेगळी; शिंप्याचा हात सदऱ्यावरून कळावा तसा पेंढा भरणाऱ्याचा हात कातड्यावरून कळतो. क्ष-किरणांखाली ठेवल्यावर १९१४ चा तो रानपिंगळा बोलू लागला. त्याच्यावर डेव्हिडसनच्या हाताची खूण होती. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातूनच खानदेशचे एक जुने कातडे उचलले होते, उसवून पुन्हा शिवले होते आणि नवी चिठ्ठी बांधून आपल्या नावावर जमा केले होते. नायजेल कॉलर यांच्यासह रासमुसेन यांनी हे सारे १९९९ साली ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडले.

पण त्याआधीच एक गोष्ट घडली होती. मांडवीचा पुरावा बाद केल्यावर शोधाचा नकाशाच बदलला. उरल्या त्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्या. त्या हातात धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात भारतात उतरले. पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी त्यांना काही मिळाले नाही. मग ते खानदेशात आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा त्यांच्यासमोर भर दिवसा झाडावर बसलेला होता. या वेळी बंदूक नव्हती. त्यांनी त्याची छायाचित्रे आणि चलच्चित्रे घेतली आणि त्याला तसाच बसलेला सोडून ते परतले. ११३ वर्षांनंतर ही जात पुन्हा इतिहासात आली, ती कॅमेऱ्याच्या साक्षीने.

बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली खरी, पण ती एका दिवसात घेतली नाही. रिचर्ड आणि चेरी कर्टन या यॉर्कशरच्या भावांनी १८९२ साली अंड्यांनी भरलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि पुढे पक्ष्यांना फसवण्यासाठी पेंढा भरलेल्या बैलाच्या पोटात बसून छायाचित्रे काढली. आपल्याकडे लोथर या इंग्रज गृहस्थाने वर्षानुवर्षे हे काम केले आणि १९४९ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. सिंगापूरचे लोक वान थो हे चित्रपटव्यवसायातले धनिक; सलीम अलींचे स्नेही. त्यांची पक्ष्यांची छायाचित्रे आजही नमुनेदार मानली जातात. पण या सगळ्यांची रीत एकच होती: घरटे शोधायचे, शेजारी आडोसा उभारायचा आणि तासन्‌तास बसून राहायचे. पक्षी पिल्लांसाठी परत येणारच, या भरवशावर सारा डाव. आता वाट चुकलेल्या पक्ष्याला घरटे कुठले? तो आज आहे, उद्या नाही. त्याला तिथे परत येण्याचे काहीच कारण नसते. म्हणून नवलाईच्या पाहुण्यापुढे जुना जड कॅमेरा लाचार होता. लांब पल्ल्याची भिंगे, हातात धरता येणारे कॅमेरे आणि वेगवान फिल्म हे सारे सर्वांच्या आवाक्यात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

ज्या १९६२ साली हेस्टिंग्जची यादी खोडली गेली, त्याच वर्षी टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बेटावर डॉन ब्लाइट्झ याने एस्किमो कर्ल्यू या बाकदार चोचीच्या पक्ष्याची छायाचित्रे घेतली. एके काळी याचे थवेच्या थवे कॅनडाच्या उत्तर टोकापासून अर्जेंटिनाच्या कुरणांपर्यंत जात-येत असत. बंदुकांनी ते जवळजवळ पुसून टाकले. जिवंत एस्किमो कर्ल्यूची निःसंशय अशी छायाचित्रे हीच. पुढच्याच वर्षी, १९६३ च्या सप्टेंबरात, बार्बाडोस बेटावर एका शिकाऱ्याने एक कर्ल्यू पाडला. त्यानंतर या जातीचा सर्वांना मान्य होईल असा पुरावा मिळालेला नाही. शेवटच्या दोन साक्षींपैकी एक कॅमेऱ्याची आणि एक बंदुकीची! दोन्ही तितक्याच खऱ्या. फरक इतकाच, की एका साक्षीनंतर पक्षी उडून गेला आणि दुसरीनंतर तो संग्रहालयात गेला.

आता अगदी अलीकडचे दोन दाखले पाहू, कारण त्यांनी या साक्षीचा अर्थच बदलून टाकला. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत राहणारा एक मोठा काळा ससाणा आहे. १८ सालच्या एप्रिलात, म्हणजे २०१८ मध्ये, त्याचे एक कोवळे पोर टेक्ससच्या साउथ पाड्रे बेटावर दिसले आणि त्याचे उडतानाचे छायाचित्र घेतले गेले. ऑगस्टमध्ये असाच एक पोर-ससाणा थेट ईशान्येच्या मेन राज्यात, दोन हजार मैलांवर प्रकटला. अभ्यासकांनी पंखांखालच्या पिसांवरचे पट्टे छायाचित्रांतून जुळवून पाहिले, तर पक्षी एकच! हिवाळ्यात तो पोर्टलंड गावच्या बागेत खारी मारून राहिला. लोक थंडीत कुडकुडत त्याला पाहायला येत. २०१९ च्या जानेवारीत तो बर्फात पडलेला सापडला. पाय गोठून गेले होते. ते वाचणार नाहीत असे दिसल्यावर वैद्यांनी त्याला शांतपणे मरण दिले.

दुसरा त्याहून नामांकित. स्टेलर हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १७४१ साली बेरिंगच्या सफरीत होता. त्याच्या नावाचा समुद्रगरुड रशियाच्या अतिपूर्वेला, कामचट्का आणि ओखोत्स्क समुद्राच्या काठाने राहतो व हिवाळ्यात जपानच्या होक्काइदो बेटापर्यंत उतरतो. पंख पसरले तर साडेसात फुटांहून अधिक, पिवळीजर्द दांडगी चोच, खांदे पांढरेशुभ्र. जगात याची संख्या काही हजारच. २०२० च्या ऑगस्टमध्ये यांतला एक अलास्काच्या आतल्या भागात दिसला. पुढच्या मार्चमध्ये टेक्ससमध्ये एकाने एका गरुडाचे छायाचित्र घेतले. मग तो कॅनडाच्या पूर्व भागात दिसला. २० डिसेंबर २०२१ ला मॅसॅच्युसेट्‌समधील टॉन्टन नदीवर. वर्ष संपता संपता मेनच्या जॉर्जटाउनला. आणि पुढे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर. पंखांवरच्या पांढऱ्या डागांची ठेवण छायाचित्रांतून ताडून पाहिली, तेव्हा हा एकच प्रवासी सगळीकडे हिंडतो आहे, असा निष्कर्ष निघाला.

बंदूक आणि कॅमेरा यांतला खरा भेद इथे उलगडतो. मेलेला पक्षी एका ठिकाणची, एका दिवसाची साक्ष देतो आणि तिथेच त्याची कहाणी संपते. टेक्ससला हा गरुड मारला असता तर मेनचा गरुड कधीच झाला नसता. आणि त्याने कुठून कुठवर मजल मारली हे कोणाला कळले नसते. कॅमेऱ्याने पक्ष्याला सोडून दिले, म्हणून त्याच पक्ष्याला पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावता आले. पूर्वी नमुना हा जातीचा होता; आता साक्षीदार ही व्यक्ती झाली. दूरदूरच्या अनोळखी माणसांनी वेगवेगळ्या हेतूंनी काढलेली चित्रे एकमेकांना दुजोरा देतात. एकट्या कर्नलाच्या शब्दावर काही अवलंबून राहत नाही.

तरी कॅमेऱ्याला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. छायाचित्र पक्षी दाखवते. पण त्याच्यामागच्या फांदीवर गावाचे नाव लिहिलेले नसते. ठिकाण आणि तारीख आजही छायाचित्रकाराच्या शब्दावर किंवा त्याने जुळवलेल्या यंत्रावर अवलंबून आहे. म्हणजे चिठ्ठी होतीच, ती फक्त कागदाची राहिली नाही. पूर्वी संग्राहकाच्या हौसेपायी पक्षी बर्फात घालून येत; आता वाहवेपायी एका देशात काढलेले चित्र दुसऱ्या देशाच्या नावावर खपवणे त्याहून सोपे आहे. आणि बंदूक ठेवली म्हणजे शिकाऱ्याची हाव गेली असेही नाही. थंडीवाऱ्यात उपाशी, थकलेल्या पाखराला चांगल्या चित्रासाठी पुन्हा पुन्हा उठवणारा, त्याच्या जातीची हाक ध्वनिमुद्रणातून वाजवून त्याला फसवणारा माणूस गोळी झाडत नाही. पण त्या पाखराची शक्ती तो खर्च करतोच.

शिवाय मुलखाबाहेर दिसलेल्या पक्ष्याबद्दल उत्तरे चार असू शकतात. एक, तो खरोखर वाट चुकला: वादळाने रेटला, किंवा पहिल्या प्रवासातल्या कोवळ्या पाखराने दिशा उलटी धरली. दोन, तो पिंजऱ्यातून सुटला. तीन, सांगणारा खोटे बोलतो. आणि चौथे, सर्वांत दुर्लक्षित उत्तर असे, की तो चुकलेला नाहीच. तो तिथलाच आहे, चुकला आहे तो आपला नकाशा. २०१४ च्या ऑक्टोबरात मुंबईला पाणी पाजणाऱ्या तानसा तलावाच्या अभयारण्यात रानपिंगळ्याची छायाचित्रे घेतली गेली. शहाद्यापासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटर. सातपुडा सोडून सह्याद्रीत. एखादा चुकार पक्षी असेल, असे म्हणून तो विषय संपवता आला असता. पण अभ्यासक पुन्हा पुन्हा गेले आणि तिथे रानपिंगळ्यांची वस्तीच असल्याचे कळून आले. त्याच सुमारास डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला. म्हणजे गुजरातेतसुद्धा!

कर्नलसाहेबांचे समर्थन करू पाहणारा इथे टाळी वाजवील: पाहा, गुजरातेत रानपिंगळा आहे, मग त्यांचे काय चुकले? चुकले ते हेच, की त्यांना ते ठाऊक नव्हते. खोटा साक्षीदार योगायोगाने खरे बोलला, म्हणून तो खरा होत नाही. त्याच्या चिठ्ठीने डांगच्या रानातला रानपिंगळा दाखवला नाही आणि शहाद्याचा मात्र झाकून ठेवला. डेव्हिडसनने खरे लिहून ठेवले होते, आणि त्याच्या खऱ्या चिठ्ठीने शंभराहून अधिक वर्षांनी परक्या माणसांना बरोबर त्या डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उभे केले. बंदूक त्याचीही होती. पण त्याच्या बंदुकीने जो एक पक्षी मेला त्याचे ऋण त्याने प्रामाणिक अक्षरांत फेडले.

२०१८ साली रानपिंगळ्याची गणना ‘अत्यंत संकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात करण्यात आली. पक्षी वाढले म्हणून ही बढती मिळाली असे नव्हे. तो आणखी ठिकाणी आहे हे माणसांनी जाऊन पाहिले, चित्रे घेतली, ठिकाणे खरी सांगितली, म्हणून मिळाली. कोणते रान राखायचे, कोणत्या रस्त्याला वळण द्यायचे, धरणाचे पाणी कुठवर चढू द्यायचे, हे पुढचे निर्णय या नोंदींवरच व्हायचे आहेत. पाखराला स्वतःची कैफियत लिहिता येत नाही. त्याच्या वतीने जी चार अक्षरे आपण लिहितो, गाव, दिवस, वेळ आणि नाव, ती खरी असली तर त्याला रान मिळते; खोटी असली तर आहे तेही हातचे जाते.